बाबांच्या निवृत्तीनिमित्त मोठ्या हॉटेलातील बुफे जेवण: जावे का, आणि गेल्यास कसे जेवावे?

रावपुरेकर यांनी विचारले:

सभासदांना नमस्कार. माझे वडील येत्या ऑगस्टअखेर बँकेच्या नोकरीतून निवृत्त होत आहेत. त्यानंतरच्या रविवारी घरातील सर्वांना बडोद्यातील एखाद्या पंचतारांकित हॉटेलात दुपारच्या बुफे जेवणासाठी न्यावे, असे माझ्या व पत्नीच्या मनात आहे. आमच्या घरात हॉटेलात जेवायला जाण्याची फारशी पद्धत नव्हती. अलकापुरीतील मोठ्या हॉटेलांसमोरून बाबा वर्षानुवर्षे स्कूटरवरून कामाला गेले. परंतु आत पाऊल टाकण्याचा प्रसंग केवळ कार्यालयीन बैठकीपुरता आला, आणि तेथेही चहाबिस्किटांपलीकडे काही पाहिल्याचे ते सांगत नाहीत.

अडचणी पुढीलप्रमाणे आहेत. बाबांना मधुमेह आहे व ते सकाळी गोळी घेतात. आई शाकाहारी असून मांसाहाराच्या पदार्थातील चमचा शाकाहारी भांड्यात जाईल की काय, याची तिला सतत धास्ती असते. आजीचे वय ८२, गुडघे दुखतात, आणि चातुर्मासात ती कांदा, लसूण व वांगे खात नाही. मुलगी सात वर्षांची आहे. तिचे सारे लक्ष गोडाच्या टेबलाकडे असेल, हे सांगायला नको.

सर्वांत मोठी अडचण मात्र बाबांच्या स्वभावाची आहे. ताटामागे दीड-दोन हजार रुपये मोजले आहेत, हे त्यांना कळले की एक तर ते यायचेच नाहीत, किंवा आले तर पैसे वसूल करण्याच्या हिशेबाने जेवतील आणि संध्याकाळी त्यांची साखर वाढलेली असेल. अशा परिस्थितीत हा बेत योग्य आहे का? आणि गेलोच, तर सर्वांना खरोखर आनंद मिळावा यासाठी काय काळजी घ्यावी? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

मुदपाकवाला यांनी लिहिले:

मी हॉटेलांच्या स्वयंपाकघरात नोकरीची बहुतेक वर्षे काढली आहेत, त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजू सांगतो. बेत उत्तम आहे; अवश्य जा. पण बुफेत मांडलेले सगळे पदार्थ सारख्या योग्यतेचे नसतात, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी.

झाकणाची जी चकचकीत भांडी ओळीने मांडलेली असतात, त्यांत तळाशी पाणी असते, त्याखाली जेलच्या डबीची ज्योत किंवा विजेची शेगडी असते आणि वरच्या ट्रेमध्ये पदार्थ असतो. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानावर आणि थंड पदार्थ ५ अंश किंवा त्याखाली ठेवायचे असतात. आता विचार करा, तास-दीड तास वाफेवर बसलेल्या पदार्थाचे काय होत असेल? दाल मखनी, कढी, रस्सा, कोफ्त्याची ग्रेव्ही यांना त्या वाफेने काही होत नाही, उलट डाळ थोडी मुरतेच. पण पनीर चिवट होते, मासा तुटतो, हिरव्या भाज्यांचा रंग उतरतो. भजी, कटलेट, पॅटिस यांची तर पुरती वाट लागते, कारण झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले वाफेचे पाणी झाकण उघडताना थेंबाथेंबाने त्यांच्यावरच पडते. म्हणून तळलेला पदार्थ बंद झाकणाखाली दिसला, तर तो ट्रे नुकताच भरून आणलेला आहे का, एवढे पाहावे; नसल्यास पुढे जावे.

याच्या उलट लाइव्ह काउंटर. तेथे आचारी तुमच्यासमोर डोसा घालतो, चाट कालवतो, पास्ता परततो. तंदूरमधून रोटी थेट ताटात येते. बुफेचे खरे वैभव तेथे असते, आणि नेमके तेथेच लोक कमी जातात, कारण दोन मिनिटे उभे राहावे लागते. पास्ता करणाऱ्याला मोकळेपणाने सांगावे की अर्धाच करा, मिरची कमी घाला, लसूण नको. तो आनंदाने करतो. दिवसभर ट्रे भरण्यापेक्षा एखाद्या पाहुण्याच्या आवडीप्रमाणे काही करायला मिळाले, तर त्यालाही बरेच वाटते.

मांडणीचेही एक शास्त्र आहे. बहुतेक ठिकाणी सॅलड, सूप, ब्रेड, भात, नूडल्स असे पोट भरणारे आणि स्वस्तात पडणारे पदार्थ वाटेत आधी लागतात. महागाचे पदार्थ ओळीच्या शेवटी असतात किंवा ते वाढायला माणूस उभा असतो. म्हणून बसल्याबरोबर ताट उचलू नये. आधी रिकाम्या हाताने पूर्ण फेरी मारावी, झाकणे उघडून पाहावीत, कोपऱ्यातले काउंटरही पाहावेत, आणि मग काय घ्यायचे ते ठरवावे.

वेळेविषयी सांगायचे, तर दुपारचे बुफे साधारणपणे साडेबारापासून तीन-साडेतीनपर्यंत असते. दार उघडताच पोहोचावे. शेवटच्या तासात स्वयंपाकघर ट्रे पूर्ण भरत नाही, लहान भांड्यात थोडेथोडे पाठवते, आणि ते व्यवहाराच्या दृष्टीने योग्यच आहे. पण तुमच्या वाट्याला मग खरवडलेले कोपरे येतात.

आजींच्या पथ्यासाठी जैन पदार्थांची चौकशी करावी. गुजरातमधील हॉटेलांत ही सोय सहज होते. त्यांत कांदा-लसूण तर नसतेच, बटाटाही नसतो. वांगे मात्र असू शकते, तेवढे विचारावे. मातोश्रींनाही जैन काउंटर सोयीचा पडेल, कारण तेथील भांडी व चमचे वेगळे ठेवण्याबाबत कर्मचारी फार दक्ष असतात.

दांडियाबाजारची सून यांनी लिहिले:

माझे मत थोडे वेगळे आहे. राग मानू नये. ८२ वर्षांच्या आजी, दुखणारे गुडघे आणि हातात ताट घेऊन उभ्याने फिरणे, हे चित्र मला रुचत नाही. आपल्या बडोद्यात इतक्या चांगल्या गुजराती थाळ्या मिळतात. तेथे मनुष्य बसतो आणि पदार्थ त्याच्याकडे चालत येतात. वाढपी फरसाण, दोन-तीन शाक, कढी, दाळ, फुलके घेऊन सारखा फेऱ्या घालतो आणि ‘थोडे तरी घ्या’ म्हणून आग्रह करतो. आपल्या पंगतीतला आग्रह जवळजवळ संपला. थाळीच्या हॉटेलांनी तो जपून ठेवला आहे. बुफेमध्ये आग्रह करणारे कोणी नसते. माणसाने स्वतःच उठायचे, स्वतःच वाढून घ्यायचे आणि एकट्याने परत यायचे. सहाजणांपैकी कोणी ना कोणी सतत उठलेले, त्यामुळे सगळे एकत्र बसलेले असे टेबल तासाभरात क्वचितच दिसते. माझ्या सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला आम्ही बुफेला गेलो होतो. छायाचित्रांत प्रत्येक वेळी एक खुर्ची रिकामी आहे, आणि ती बहुधा माझ्या दिरांची आहे.

थाळीचा खर्चही बुफेच्या मानाने बराच कमी येतो. उरलेल्या पैशांत बाबांसाठी एखादी चांगली वस्तू घेता येईल.

रावपुरेकर यांनी लिहिले:

दोघांचेही आभार. थाळीचा मुद्दा पटण्यासारखा आहे, परंतु बाबांनी थाळी अनेकदा खाल्ली आहे. पाहुणे आले की आम्ही तेथेच जातो. त्यांनी कधी न पाहिलेले काही त्यांना दाखवावे, हा या बेतामागचा हेतू आहे. निवृत्तीला घड्याळ तर बँकही देईल. एकत्र बसण्याबाबत आपण लिहिले ते मात्र मी मनावर घेतले आहे. आम्ही जोडीजोडीने उठावे, म्हणजे टेबलावर नेहमी चौघे राहतील, असा विचार आहे. बाबांच्या मधुमेहाविषयी कोणी मार्गदर्शन करील का?

पथ्यपाणी यांनी लिहिले:

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. गोळीच्या मात्रेविषयी आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. जेवणाविषयी मी सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे, दुपारी भरपूर खायचे म्हणून सकाळचा नाश्ता टाळण्याची जी सर्रास पद्धत आहे, ती बाबांच्या बाबतीत कटाक्षाने टाळावी. मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकदम खाली येऊ शकते. नेहमीच्या वेळी हलका नाश्ता द्यावा; मूगडाळीची एक-दोन धिरडी किंवा एखादे उकडलेले अंडे पुरेसे आहे. मधुमेह नसलेल्यांनाही उपाशी जाण्याचा लाभ होत नाही. कडकडून भूक लागलेला माणूस समोर येईल त्या पहिल्या नूडल्सवर तुटून पडतो आणि पुढच्या उत्तम पदार्थांसाठी पोटात जागाच राहत नाही.

दुसरी गोष्ट खाण्याच्या क्रमाची. आधी सॅलड व भाज्या, मग पनीर, डाळ, मासे किंवा कोंबडी, आणि सर्वांत शेवटी भात-रोटी, असा क्रम ठेवल्यास जेवणानंतर साखर तुलनेने कमी चढते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. बुफेमध्ये हा क्रम पाळणे घरच्यापेक्षा सोपे असते, कारण घरी सगळे ताट एकदमच वाढलेले असते.

तिसरी गोष्ट गोडाची. ‘पोट तुडुंब भरले’ असे म्हणणारा माणूस पाच मिनिटांनी गुलाबजाम कसा खातो, याचे उत्तर आहारशास्त्रात आहे. एका चवीचा पुरेसा उपभोग घेतला की त्या चवीची ओढ कमी होते, परंतु वेगळ्या चवीची ओढ तशीच राहते. बार्बरा रोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ च्या सुमारास यावर प्रयोग केले, आणि जेवणात विविधता वाढली की माणूस अधिक खातो हेही त्यांत आढळले. बुफे म्हणजे तर विविधतेचा कळसच. त्यामुळे ‘भूक संपली की थांबेन’ हा नियम तेथे चालत नाही. बाबांनी गोडाच्या टेबलावरील सर्व पदार्थ आधी नुसते पाहावेत, त्यांतला सर्वांत आवडलेला एकच निवडावा आणि तो सावकाश, चवीने खावा. नातीच्या बशीतून एक घास घेतल्यासही हरकत नाही. पण मग तो घास हिशेबात धरावा. ‘शुगर-फ्री’ अशी पाटी असलेल्या मिठाईवर विसंबू नये. साखर नसली तरी खवा, मैदा आणि तूप असतेच.

सरबते आणि मॉकटेल टाळावीत. पेला दिसायला सुंदर असतो, त्यावर पुदिन्याची काडी असते, आणि आत जवळजवळ पाकच असतो. ताक किंवा साधे पाणी घ्यावे.

हिशेबनीस यांनी लिहिले:

मी सनदी लेखापाल आहे, त्यामुळे बिलाविषयी लिहिण्याचा अधिकार आहे असे समजतो. बुफेच्या जाहिरातीत जी रक्कम ठळक अक्षरांत असते, त्यापुढे बारीक अक्षरांत बहुधा ‘कर वेगळे’ असे असते. ज्या हॉटेलातील खोल्यांचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जाते, तेथील रेस्टॉरंटमध्ये जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो. रस्त्यावरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये तो ५ टक्के असतो. समजा, ताटाचा दर १,५०० रुपये आहे आणि मुलीसाठी निम्मा दर आहे, तर आपल्या पाच मोठ्यांचे व एका मुलीचे मिळून ८,२५० रुपये होतील. त्यावर १८ टक्के म्हणजे १,४८५ रुपये, एकूण ९,७३५. हाच दर ५ टक्के कराच्या ठिकाणी ८,६६२ रुपये ५० पैसे होईल. मुलांचा दर वयावर असतो की उंचीवर, हे प्रत्येक हॉटेल आपापल्या मर्जीने ठरवते. आधी फोन करून विचारावे.

सेवा शुल्काबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार कोणतेही हॉटेल हे शुल्क आपोआप बिलात लावू शकत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना कायम ठेवल्या. तरीही एका ठिकाणी माझ्या बिलात ते दहा टक्के दराने हळूच बसवलेले होते, आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी आकारला होता. काढायला सांगितल्यावर निमूटपणे काढले. काढले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बक्षिसी स्वखुशीने द्यावी. ती वेगळी गोष्ट आहे.

पाण्याची बाटली बुफेच्या दरात असतेच असे नाही. बसताक्षणी वेटर अदबीने विचारतो, ‘बाटलीचे पाणी चालेल ना?’ आणि आपण भिडेखातर मान हलवतो. हॉटेलने छापील किमतीपेक्षा अधिक रक्कम घेतली तरी तक्रारीला वाव नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेल-रेस्टॉरंटांना तशी मुभा दिली आहे. साधे गाळलेले पाणी मागावे. त्यात कमीपणा काही नाही.

मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांनी तेथील रविवारच्या जेवणाचे चार-पाच हजारांचे आकडे सांगितले, तर त्यावरून बडोद्याच्या दराचा अंदाज बांधू नये. तेथे अनेकदा मद्यासह असा वेगळा, चढा दर असतो. गुजरातमध्ये दारूबंदी असल्यामुळे आपल्याकडे तो प्रकारच नाही.

आता बाबांविषयी. बिल त्यांच्यासमोर येऊच द्यायचे नसेल, तर टेबल राखून ठेवताना संपूर्ण रक्कम आगाऊ भरावी आणि पावती आपल्या मोबाइलवर मागवावी. ‘टेबलावर बिल आणू नका’ असे कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, आदल्या दिवशी सांगितले की ते पाळतात. बाबांनी विचारले, तर ‘कार्यालयाकडून मिळाले’ असे खोटे सांगण्याची गरज नाही; ‘पैसे भरून झाले आहेत, आता परत मिळणार नाहीत’ एवढे सांगावे. बँकेतल्या माणसाला हा युक्तिवाद ताबडतोब पटतो.

कमाटीबागेतला यांनी लिहिले:

वसुलीच्या मुद्द्यावर मला चार शब्द लिहायचे आहेत. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटात बुफेहून आलेला प्रत्येक मनुष्य आधी आकडा सांगतो: इतके पदार्थ होते, इतके खाल्ले. कशाची चव चांगली होती, असे विचारले तर गडबडतो. एकाच ताटात बिर्याणी, तिच्यावर कढी, शेजारी नूडल्स, त्यांना टेकून ढोकळा आणि कडेला रसमलाई, असा डोंगर मी प्रत्यक्ष पाहिला आहे. रसमलाईचे दूध वाहत ढोकळ्यापर्यंत आले होते, आणि त्या गृहस्थांनी ते तसेच, न थांबता संपवले.

आपल्या पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे आणि मध्ये वरणभाताची मूद, अशी प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली असते. एका पदार्थाने दुसऱ्याच्या जागेत जाऊ नये, हा त्यातला विचार. बुफेतही तोच पाळावा. ज्या स्वीडनमधून मांडून ठेवलेल्या जेवणाची ही रीत जगभर पसरली, आणि जिचे प्रदर्शन १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात अमेरिकेने डोळे विस्फारून पाहिले, तेथील रीत हीच आहे: पहिल्या खेपेला थंड मासे, नंतर इतर थंड पदार्थ, त्यानंतर गरम पदार्थ आणि अखेरीस गोड, प्रत्येक खेपेला स्वच्छ ताट. उष्टे ताट घेऊन पुन्हा जायचे नसते. आपल्या मातोश्रींना शिवाशिवीची जी धास्ती आहे, ती या एका गोष्टीने बरीच कमी होईल.

एकेका पदार्थाचा एकच चमचा घ्यावा. आवडला तर पुन्हा जावे, कोणी अडवत नाही. पोळी, वरण, जिरा राइस यांच्याकडे मी तर पाहतही नाही. ते घरी सूनबाई अधिक चांगले करतात. जे घरात होऊ शकत नाही, म्हणजे तंदूरमधले, भट्टीतले, चीजचे प्रकार, मोठ्या पाकसिद्धीचे एखादे मिष्टान्न, तेवढ्यासाठी तेथे जायचे. बाबा रिकाम्या हाताने फेरी मारत असतील, तेव्हा आचाऱ्याशी त्यांची गाठ घालून द्यावी. चाळीसएक वर्षे काउंटरमागे बसलेला माणूस दुसऱ्याच्या काउंटरसमोर उभा राहून चार प्रश्न विचारील, आणि मग ताटाचा दर विचारायचे त्यांच्या लक्षातही राहणार नाही.

दांडियाबाजारची सून यांनी लिहिले:

जोडीजोडीने उठण्याची युक्ती मला आवडली. पुढच्या वेळी दिरांवर लागू करीन. मुदपाकवाल्यांना एक विचारायचे आहे. आजींना जागेवर वाढून मिळू शकते का? आणि उरलेले बांधून देतात का? आमच्याकडे ताटात टाकलेले पाहून सासूबाईंना फार त्रास होतो.

मुदपाकवाला यांनी लिहिले:

बांधून देत नाहीत. त्यात केवळ पैशांचा प्रश्न नाही. दोन-अडीच तास काउंटरवर राहिलेला पदार्थ पाहुण्याने घरी नेऊन रात्री खाल्ला आणि पोट बिघडले, तर नाव हॉटेलचेच येते. ताटात न टाकण्याचा उपाय कमाटीबागेतल्या काकांनी सांगितला आहेच: एक चमचा घ्यावा. वाढदिवसासारख्या प्रसंगाचा केक हॉटेलने दिला, तर तो मात्र उरलेला बांधून देतात, कारण तो तुमचाच असतो. तेव्हा निवृत्तीचे आधीच सांगून ठेवावे. लहानसा केक बहुधा हॉटेलच देते.

आजींना जागेवर निश्चित वाढतात. टेबल राखतानाच ‘८२ वर्षांच्या आजी आहेत, कांदा-लसूण-वांगे चालत नाही’ हे सांगून नोंदवून घ्यावे, आणि आत गेल्यावर कॅप्टनला पुन्हा आठवण करावी, कारण फोन घेणारा वेगळा आणि वाढणारा वेगळा असतो. रविवारची गर्दी दीडच्या सुमारास वाढते; त्यापूर्वी आजींचे जेवण निम्मे झालेले असेल, असे पाहावे. तंदूरची रोटी त्यांना कडक लागेल, तेव्हा फुलका मागावा. तो मांडलेला नसला तरी आतून करून देतात.

टेबल मागताना तीन गोष्टी सांगाव्यात. गोडाच्या काउंटरला लागून नको, कारण तेथे सगळ्या हॉटेलातील मुले धावत असतात. एसीच्या झोताखाली नको, ताटातले दोन मिनिटांत गार होते. आणि आजींसाठी सोफ्याची बैठक नको. ती खोल असते, गुडघे दुखणाऱ्याला तीवरून उठवत नाही. हातांची सरळ खुर्ची द्या, असे स्पष्ट सांगावे.